वाहत्या पाण्याला एक वर्ष

"वरचा ड्रम आहे ना अजून?" फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून डोळा न काढताच विचारलं, आणि बातमीरावाने नळाकडे पाहिलं.

नळ कोरडा होता. नुसता कोरडा नव्हे, त्याच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं. गेल्या वसंतात उद्घाटनाला बांधलेली फीत अजून त्याच्या मानेला होती, पण उन्हाने विटून ती कुणाच्या तरी जुन्या जखमेवरच्या पट्टीसारखी दिसत होती. नळासमोर दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती. गेल्या वर्षीच्या फोटोतही हीच होती. तेव्हा नळाला हात पोचायला तिला टाचा उचलाव्या लागल्या होत्या, आता लागत नव्हत्या. कचेरीतल्या साहेबांची कल्पना अशी होती की तोच नळ, तीच मुलगी, तेच हसू, आणि खाली ठसठशीत मथळा: 'वाहत्या पाण्याला एक वर्ष'.

बातमीरावाला उत्तर द्यावंच लागलं नाही. त्याची थोरली बहीण, म्हणजे या शाळेची मदतनीस, भरलेली बादली घेऊन भिंतीची शिडी चढायलाही लागली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षण मंडळाची गाडी फाटकात शिरताना दिसली तेव्हाच तिने पदर खोचला होता.

"ताई, थांब," तो म्हणाला.

"थांबून काय करू? मुली उन्हात उभ्या आहेत," ती वरूनच म्हणाली. "पोरीला सांग, वर धो असा आवाज झाला की मग उघड. आधी उघडला तर नुसता शिट्टी मारतो मेला."

"मला माहितीये," दोन वेण्यांची म्हणाली. मग ती मागच्या चिल्ल्यापिल्ल्यांकडे वळली आणि एखाद्या बाईंच्या तोऱ्यात तिने त्यांना समजावलं, "आधी मावशींना वर जाऊ द्यायचं असतं. मग नळाला पाणी येतं. सगळीकडे असंच असतं."

चिल्ल्यापिल्ल्यांनी माना डोलावल्या. वर धो झालं. नळाने जाळ्यासकट पाणी ओकलं. मुलगी हसली, अगदी गेल्या वर्षीसारखी, आणि फोटोवाला म्हणाला, "झक्कास."

बातमीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शिक्षण मंडळाच्या कचेरीत, प्रसिद्धी विभागाच्या एका टेबलावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि ते नाव त्याला तिथेच चिकटलं होतं. विभाग म्हणजे तोच. दर वसंतात झाडांना पालवी फुटली की मंडळालाही पालवी फुटायची आणि 'वसंतवार्ता' नावाचं चार पानी रंगीत पत्रक निघायचं. नवीन प्रवेश कधी सुरू, कुठल्या शाळेने धावण्यात ढाल जिंकली, कुठल्या वाचनालयाला खिडक्या बसल्या, कोण शिक्षक निवृत्त झाले. गोड गोड सगळं. त्यात कधी गळकं छप्पर आलं नाही, की मास्तरांवाचून ओस पडलेला वर्ग आला नाही. वाईट बातमी छापायला मंडळाकडे ऋतूच नव्हता.

आणि या कचेरीची एक रीत होती. फोटो आधी, काम मागाहून. पत्रक वसंतात निघायचं आणि कामं उरकायची पावसाळ्याच्या तोंडाशी, मग करता काय? कुदळ मारायच्या आधीच कोनशिलेचा फोटो, काच बसायच्या आधीच खिडकीचा फोटो. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नसे. बारसं आधी आणि बाळ मागाहून, इतकंच. आणि बाळ यायचंही बहुतेक वेळा. खिडक्या बसल्या, कोनशिलेमागे इमारत उभी राहिली. त्यामुळे बातमीराव रात्री स्वस्थ झोपत असे.

गेल्या वर्षी वरच्या शाळेची पाळी होती. ही शाळा चढावाच्या टोकाला, गावाच्या शेवटच्या घरांच्याही वर. तिथे मुलींसाठी नवी स्वच्छतागृहं बांधली, बाहेर नळ बसवला, पण मुख्य नळवाहिनी चढावाच्या पायथ्याशीच येऊन थांबली होती. आठ-पंधरा दिवसांत जोडणी होईल, असं कंत्राटदार म्हणाला. पत्रक तर छापायला जायचं होतं. साहेब म्हणाले, "अहो बातमीराव, नळ आहे, मुलगी आहे, पाणी तेवढं तुम्ही बघा." आणि बातमीरावाने बघितलं. गच्चीवर ड्रम चढवायची, त्याला मागून नळी लावायची युक्ती त्याचीच. कुणी शिकवली नाही. त्याने ताईला बाजूला घेऊन म्हटलं, "दोन बादल्या ओत गं वरून, एवढ्याने भागेल." ताई हसली होती. लहानपणी तो झाडाखाली उभा राहायचा आणि ती वर चढून त्याच्यासाठी फळं पाडायची. तेव्हापासून वर चढायचं काम तिचंच.

"माझाही येईल का रे फोटो?" तिने विचारलं होतं.

आला होता. गच्चीच्या कठड्यावरून तिचं कोपर आणि बादलीची कड डोकावत होती. बातमीरावाने छापण्याआधी फोटो वरून कापला. मुलगी राहिली, नळ राहिला, पाणी राहिलं. कोपर गेलं.

त्यानंतर वर्षभर तो वरच्या शाळेकडे फिरकला नव्हता. ताई घरी यायची, त्याच्या बायकोशी गप्पा मारायची, कंबरेला हात लावून उठायची. वय झालं म्हणायची. तो शाळेचं काही विचारत नसे. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच विचारत नसे. माणूस आंधळा नसतो, तो डोळ्यांवर कातडं ओढून घेतो आणि वर म्हणतो की अंधार फार आहे.

फोटो झाल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला आपल्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. मागच्या वर्षी फोटोच्या दिवशी त्यांना नेमकं प्रशिक्षणाला धाडलं होतं. परत आल्या तेव्हा नळ कोरडा, आणि पत्रकात धार. त्यांनी बांधकाम विभागाला जोडणीसाठी कळवलं. पुन्हा कळवलं. उत्तर आलं ते असं की आपल्या शाळेस पाणी मिळत असल्याने मागणी निकालात काढली आहे, आणि पुरावा म्हणून सोबत 'वसंतवार्ते'तलं कात्रण टाचलेलं. तुमच्या फोटोने आमची जोडणी खाल्ली, एवढंच त्या म्हणाल्या. बातमीरावाने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. तेही पाणी कुणीतरी चढ चढून आणलं असणार, हे त्याच्या एकदम ध्यानात आलं.

"मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत," बाई म्हणाल्या. "तहान लागली तरी. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून. वरच्या वर्गातल्या दोघी-तिघी तर घरीच बसल्या. मी बांधकाम विभागाच्या साहेबांना जाऊन भेटले. ते म्हणाले, फोटो खोटा आहे असं त्या दिवशी हजर असलेल्या कुणाकडून तरी लिहून आणा, दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू करतो. हजर कोण होतं? तुम्ही, फोटोवाला, आणि तुमच्या ताई."

"मग?"

"मग काय. ते त्यांनाच विचारा."

ताई मागच्या ओट्यावर बसून ओलं लुगडं पिळत होती. शेजारी चार रिकाम्या बादल्या एकीत एक घालून ठेवलेल्या. पायथ्याच्या हातपंपापासून इथपर्यंत ती त्या कशा आणत असेल, याचा त्याने मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला आणि सोडून दिला. तिचे तळवे त्याला दिसले. कडीने घट्टे पाडले होते.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं. हे विचारतानाच त्याला आपली किळस आली, कारण सुरात तक्रार होती, जणू चूक तिची.

"काय सांगायचं? तूच तर छापलंस."

"बाई म्हणाल्या, तुझ्याकडे लिहून मागितलं होतं."

"मागितलं होतं ना. म्हणाल्या, पाणी तुम्हीच ओतलंत, तेवढं लिहा आणि सही करा." ताईने लुगडं झटकलं. "मी म्हटलं, बाई, पाणी मी आणते. लागेल तेवढं आणते, रोज आणते. पण भावाच्या विरुद्ध सही मागू नका. त्याची नोकरी जायची."

तो शेजारच्या बादलीची कडी सरळ करत राहिला.

"तेव्हा वाटलं, आठ-पंधरा दिवसांचं काम आहे," ती म्हणाली, आणि हसली. "तुझा तो कंत्राटदार पंधरवडे फार लांब मोजतो रे."

तिने ओरडायला हवं होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर त्या झेलून तो मोकळा झाला असता. पण ती त्याच्या बुटांकडे बघत म्हणाली, "चढावर धूळ फार आहे, घरी गेल्यावर पुसून घे." जिच्या पाठीवर पाय देऊन आपण उंच झालो तिनेच आपल्या बुटांची काळजी करावी, याहून मोठी चपराक नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला. जाताना त्याने सगळं जुळवलं होतं. फोटो छापायचा नाही. गेल्या वर्षीचा खोटा होता असं मी लिहून देतो. काय व्हायचं ते होऊ दे. जिन्यात वाक्यं नीट येत होती. दारातही येत होती.

साहेब नवा फोटो बघत होते. "वा. मुलगी मोठी झाली नाही का? बघा बातमीराव, याला म्हणतात पाठपुरावा. अध्यक्षांना फार आवडेल." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काही बोलायचं होतं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, चहा सांगितला. बातमीरावाची निवृत्ती तोंडावर आली होती. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. धाकट्या मुलीचं कॉलेज होतं. ही सगळी कारणं खरी होती, आणि माणूस लाचार होतो तो खऱ्या कारणांनीच.

"मथळा हिरव्या रंगात घ्यायचा की निळ्या?" त्याने विचारलं.

"निळ्या. पाणी आहे ना."

चहा त्याने पूर्ण प्यायला.

पत्रक छापून आलं. कागद यंदा जाड होता, गुळगुळीत, हातात घेतला की अध्यक्षांसारखा वाटणारा. शाळाशाळांत गठ्ठे पोचवायचं काम शिपायाचं, पण वरच्या शाळेचा गठ्ठा बातमीरावाने स्वतः उचलला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ताईला तोंड दाखवायचं नव्हतं आणि दाखवल्याशिवाय राहवतही नव्हतं. गठ्ठा फाटकात ठेवून सटकायचं, असा बेत होता. पण चढ चढून तो वर पोचला तेव्हा मुलं मैदानात रांगा धरून उभी होती. प्रार्थना संपत आली होती, आणि मोठ्या बाईंनी त्याला पाहिलं.

मंडळाचा नियम होता की पत्रक आलं की परिपाठात मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक बातमीनंतर मुलांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांचं वाक्य परिपत्रकात बातमीरावानेच घातलं होतं, फार वर्षांपूर्वी, साहेबांना खूश करायला.

"पाहुणे आलेच आहेत," बाई मुलांना म्हणाल्या, "तर आज बातम्या लिहिणारेच बातम्या वाचतील."

त्यांनी पत्रक त्याच्या हातात दिलं आणि बाजूला झाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. परीक्षेत पेपर देतात तसं दिलं.

बातमीराव वाचू लागला. क्रीडादिनी खालच्या शाळेने ढाल पटकावली. टाळ्या. नवीन प्रवेश पुढच्या सोमवारपासून. टाळ्या. चित्रकला स्पर्धेत बाजारातल्या शाळेची मुलगी पहिली. टाळ्या. मुलं मन लावून वाजवत होती. कुणाची ढाल, कुणाची मुलगी, त्यांना काय. सकाळच्या उन्हात टाळ्या वाजवायला बरं वाटतं.

मग पान उलटलं आणि निळा मथळा आला. तीच मुलगी, तोच नळ, तीच धार. खाली त्याचंच वाक्य होतं: 'वरच्या शाळेत वाहत्या पाण्याला एक वर्ष पूर्ण झाले असून विद्यार्थिनींमध्ये आनंदाचे वातावरण आहे.'

"वरच्या शाळेत," त्याने सुरुवात केली आणि सहज वर पाहिलं.

फाटकातून ताई येत होती. दोन्ही हातांत बादल्या, मान पुढे, ओठ घट्ट. चढाचा शेवटचा टप्पा चढताना ती क्षणभर थांबली, बादल्या खाली ठेवल्या नाहीत, नुसती थांबली, कारण खाली ठेवल्या की पुन्हा उचलायला कंबर तयार होत नसावी. तिने भावाला हातात पत्रक धरून उभं पाहिलं. मग नजर काढून घेतली. त्याला वाचायला सोपं जावं म्हणून तिने तोंड फिरवलं.

एवढ्यानेच सगळं बिघडलं. ती बघत राहिली असती तर त्याने वाचून टाकलं असतं.

"वरच्या शाळेत," तो पुन्हा म्हणाला. "वरच्या शाळेत पाणी नाही. कधीच आलं नाही. या फोटोतलं पाणी वरून ओतलेलं आहे, याही वर्षी आणि गेल्याही वर्षी. ते तसं ओतायला मी सांगितलं. मी खोटं छापलं."

मग मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बातमी संपली होती. बातमी संपली की टाळ्या वाजवायच्या. पुढच्या रांगेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मागच्या रांगेतल्या मोठ्या मुलींनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि बातमीरावाला वाटलं, आता या धरणीने आपल्याला पोटात घेतलं तर बरं.

दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "काका, मग दुसऱ्या शाळांत वर कोण चढतं?"

"कुणी नाही चढत," तो म्हणाला. "नळ उघडला की आपोआप येतं."

पुढची रांग खो खो हसली. काका थापा मारतात, असं त्यांना वाटलं.

मोठ्या बाईंनी हसू थांबवलं नाही, की त्याला शाबासकीही दिली नाही. मुलं वर्गात गेल्यावर त्यांनी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. आत्ता जे बोलला तेच त्याने लिहिलं. आयुष्यभर त्याने मंडळासाठी इतकं लिहिलं होतं, पण सहीला हात एवढा जड कधी झाला नव्हता. यात शौर्य काही नव्हतं. ताईने वर्षभर ज्या सहीपासून त्याला वाचवलं, ती त्याने वर्ष उलटल्यावर केली, इतकंच. बाईंनी कागद उचलला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "आजच नेते."

बाहेर ताई पिंपात पाणी ओतत होती.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं की." ती पिंपाकडेच बघत होती. "वहिनीला आता काय सांगशील?"

"बघू."

"बघू म्हणे." तिने रिकाम्या बादल्या उचलल्या. "एवढं वर्षभर ओझं वाहिलं ते कशासाठी वाहिलं मग मी?"

हे ती रागाने बोलली, आणि रागही तिचा थकलेला होता. त्याने हात पुढे केला. ती बादल्या देईना. थोडा वेळ दोघं कड्या धरून उभी राहिली, लहानपणी खेळण्यावरून भांडायची तशी. मग तिने सोडल्या.

तो चढ उतरून हातपंपाशी गेला. कचेरीतले बूट, इस्त्रीची पँट. रांगेतल्या बायकांनी त्याच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारली आणि त्याला पुढे जाऊ दिलं, ते आदराने की गंमत म्हणून, कुणास ठाऊक. त्याने दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या. वर निघाला. पहिल्याच वळणावर बोटं जळायला लागली. धाप लागली. पाणी डावीकडे हिंदकळलं, उजवीकडे हिंदकळलं, बुटांत शिरलं, वाटेवरच्या धुळीत काळे ठिपके पाडत राहिलं. मधे एकदा त्याने बादल्या खाली टेकवल्या आणि पुन्हा उचलताना त्याला कळलं की ताई फाटकाशी का टेकवत नव्हती.

वर पोचला तेव्हा दोन्हींत मिळून जेमतेम एक बादली पाणी उरलं होतं.

ताईने आत डोकावून पाहिलं. काही म्हणाली नाही. त्याच्या हातून घेऊन, थेंबही न सांडता, तिने ते पिंपात ओतलं.